वाड्यावरचा कुत्रा आणि माळावरचा लांडगा



‘कोल्ह्याला द्राक्षे आंबट’ ही म्हण महाराष्ट्रात सर्वत्र ऐकू येते. परंतु तासगावच्या द्राक्षबागायतदारापुढे ती उच्चारली तर त्याला हसू येईल. घड पिकू लागले की रात्री बागेत शिरणारा कोल्हा ती आंबट म्हणून सोडून जात नाही, हे तो अनुभवाने जाणतो. ‘कोल्हा काकडीला राजी’ ही दुसरी म्हण त्याला अधिक खरी वाटावी. कृष्णा-येरळेकाठच्या उसाच्या फडात कोल्ह्याला आसरा मिळतो, बागेत फळ मिळते आणि गावकुसाबाहेर टाकलेल्या मेलेल्या जनावरात मांस मिळते. या तिसऱ्या ठिकाणी त्याची गाठ गावच्या कुत्र्याशी पडते. एकाच मढ्यावर दोघे जेवतात, आणि त्या जेवणातून एक फार जुने दुखणे रानातून गावात व गावातून रानात ये-जा करीत राहते. हे दुखणे पट्टकृमींचे आहे. त्याचा उपद्रव कुत्र्याला जवळजवळ होत नाही, लांडग्या-कोल्ह्याला फारसा होत नाही. तो होतो मेंढीला आणि तिला सांभाळणाऱ्या माणसाला.

तासगाव तालुक्याचा पश्चिम भाग येरळेच्या पाण्यावर पोसला गेला, तर पूर्वेकडे अग्रणीच्या खोऱ्याकडे जावे तसा पाऊस कमी होत जातो व माळ सुरू होतो. हाच माळ पुढे कवठेमहांकाळ, जत, आटपाडी, आणि सातारा जिल्ह्यातील माण-खटाव भागापर्यंत पसरलेला आहे. हा मेंढपाळांचा मुलूख होय. जत तालुक्यातील माडग्याळ या गावाने मेंढीच्या एका उंचपुऱ्या जातीला आपले नाव दिले. कवठेमहांकाळ तालुक्यातील आरेवाडीचा बिरोबा हे धनगर समाजाचे मोठे श्रद्धास्थान आहे. त्याच तालुक्यातील रांजणी येथे आणि माण तालुक्यातील दहिवडी येथे शासनाच्या पुण्यश्लोक अहिल्यादेवी महाराष्ट्र मेंढी व शेळी विकास महामंडळाची प्रक्षेत्रे आहेत. पावसाळा संपला की घोड्यावर संसार लादून, मेंढरे पुढे घालून कुटुंबे चाऱ्याच्या शोधात निघतात. शेतकरी त्यांना आपल्या रानात मेंढरे बसविण्यासाठी बोलावतो. कारण द्राक्षबागेला लेंडीखतासारखे खत नाही. रात्री वाघरीच्या जाळ्यात मेंढरे कोंडली जातात आणि त्यांच्या भोवती कुत्रे जागत राहतात.

या मुलखात लांडगा पिढ्यान्‌पिढ्या मेंढपाळाच्या पाठोपाठ वावरत आला आहे. कुत्र्याच्या कुळातील महाराष्ट्रातील रानटी प्राणी चार : लांडगा, कोल्हा, खोकड आणि कोळसुंदा. पैकी कोळसुंदा हा दाट जंगलाचा रहिवासी असून सांगली जिल्ह्याच्या पश्चिम टोकास, चांदोलीच्या अरण्यात तो राहतो. उरलेले तिघे माळाचे व शेतशिवाराचे. तरस हाही माळावर दिसतो. परंतु दिसावयास कुत्र्यासारखा असला तरी तो कुत्र्याच्या कुळातील नव्हे. लांडगा आणि कुत्रा यांचे नाते तर इतके जवळचे आहे की त्यांची संतती होऊ शकते व तीही पुढे प्रजननक्षम असते. शरीराची ठेवण एक, आतडी एकाच प्रकारची. तेव्हा एकाच्या आतड्यात नांदणारा कृमी दुसऱ्याच्या आतड्यात सहज नांदावा, यात नवल नाही.

तीन कृमी, एकच वाट

कुत्रा, लांडगा व कोल्हा यांच्यात सामाईक असणारे परोपजीवी अनेक आहेत. मेंढपाळाच्या दृष्टीने त्यांपैकी तीन पट्टकृमी महत्त्वाचे ठरतात. तिघांची वाट एकच आहे. पूर्ण वाढलेला कृमी मांसाहारी प्राण्याच्या लहान आतड्यात राहतो. त्याची अंडी विष्ठेवाटे बाहेर पडून गवतावर व पाण्यात मिसळतात. चरणारी मेंढी, बकरी, गाय किंवा म्हैस ती गिळते. तिच्या शरीरात अंड्यातून निघालेला डिंभ एखाद्या अवयवात जाऊन पाण्याच्या पुटीच्या रूपाने वाढतो. ती पुटी कुत्र्याने किंवा लांडग्याने खाल्ली की त्याच्या आतड्यात पुन्हा पूर्ण कृमी तयार होतो. या फेऱ्यात मेंढीला मध्यस्थ पोषक आणि कुत्र्याला अंतिम पोषक म्हणतात. एकाशिवाय दुसरा अपुरा. मेंढीकडून मेंढीला किंवा कुत्र्याकडून कुत्र्याला हा रोग थेट लागत नाही.

पहिल्या कृमीची पुटी मेंढीच्या पोटातील चरबीच्या पडद्यावर व यकृतावर पाण्याने भरलेल्या फुग्यासारखी लोंबताना दिसते. मेंढरू सोलणाऱ्या प्रत्येकाने ती पाहिलेली असते. तिचा माणसाला धोका नाही. परंतु ती दिसली म्हणजे कळपाजवळच्या कुत्र्याच्या पोटात जंत आहेत, हे निश्चित समजावे. निसर्गाने दिलेली ती एक सूचनाच होय.

दुसरा कृमी कुत्र्याच्या आतड्यात हातभर लांब वाढतो. त्याचा डिंभ मेंढीच्या रक्तातून मेंदूत पोहोचतो आणि तेथे काही महिन्यांत लिंबाएवढी पुटी तयार करतो. मग मेंढी कळपातून मागे राहू लागते, मान एका बाजूस कलती ठेवते, एकाच अंगाने गोल गोल फिरते, भिंतीला डोके टेकून उभी राहते, एका डोळ्याने आंधळी होते. कोणी याला दृष्ट म्हणतो, कोणी बाहेरची बाधा समजतो. वस्तुतः तिच्या मेंदूवर पाण्याची पिशवी दाब देत असते. अशा मेंढीचे डोके कापून कुत्र्यापुढे टाकले म्हणजे काय होते? त्या एका पिशवीच्या आतील बाजूस पांढऱ्या ठिपक्यांसारखी शेकडो मुंडकी चिकटलेली असतात व प्रत्येक मुंडक्यापासून कुत्र्याच्या आतड्यात एक कृमी तयार होऊ शकतो. १८५३ साली जर्मनीत क्यूखेनमाइस्टर या वैद्याने मेंढीच्या मेंदूतील अशा पुट्या कुत्र्यांना खाऊ घालून हे सिद्ध केले. त्याच सुमारास फॉन झीबोल्ड या प्राणिशास्त्रज्ञाने तिसऱ्या कृमीचे गूढ उकलले. हा तिसरा कृमीच माणसाचा खरा शत्रू आहे.

काळजातील पाण्याची पिशवी

तिसरा कृमी आकाराने अगदी नगण्य आहे. त्याची लांबी तांदळाच्या दाण्याहूनही कमी, जेमतेम दोन ते सात मिलिमीटर. एका कुत्र्याच्या आतड्यात असे हजारो कृमी असू शकतात, आणि तरीही कुत्रा तकतकीत राहतो, भुंकतो, राखण करतो. विष्ठेत कृमीचे तुकडे डोळ्यांना दिसत नाहीत. सुमारे सहा-सात आठवड्यांत कृमी पूर्ण वाढतो; मग त्याचा शेवटचा खंड गळून पडतो व त्यातून शेकडो अंडी बाहेर येतात. ती विष्ठेत असतात, कुत्र्याच्या शेपटीखालच्या केसांत असतात, आणि कुत्रा अंग चाटतो तेव्हा त्याच्या तोंडावर व पाठीवरही येतात.

माणूस या फेऱ्यात चुकून सापडतो. कुत्र्याच्या गळ्यात हात टाकून खेळणारे मूल तोच हात तोंडात घालते. वाड्यावरची बाई उघड्यावरच्या डबक्याचे पाणी भरते. शेतातील कोथिंबीर किंवा मेथी न धुता खाल्ली जाते. अंडे पोटात जाते, आतड्यात फुटते, त्यातील सूक्ष्म डिंभ आतड्याच्या भिंतीतून रक्तात शिरतो. आतड्याचे रक्त प्रथम यकृतात जाते. म्हणून सर्वांत अधिक पुट्या यकृतात आढळतात. तेथून निसटलेला डिंभ फुप्फुसात अडकतो; म्हणून फुप्फुसाचा क्रमांक दुसरा. क्वचित तो मूत्रपिंड, प्लीहा, हाडे किंवा मेंदू येथेही पोहोचतो. जेथे थांबेल तेथे तो पाण्याने भरलेली एक पुटी तयार करतो. डॉक्टर तिला हायडॅटिड म्हणतात.

या रोगाचा सर्वांत फसवा गुण म्हणजे त्याचा संथपणा. पुटी वर्षावर्षाला थोडी थोडी वाढते. लहानपणी पोटात गेलेले अंडे तिशी-चाळिशीत त्रास देऊ लागते. उजव्या बरगडीखाली जडपणा वाटतो, पोट फुगते, कधी कावीळ होते. फुप्फुसात असेल तर खोकला व छातीत दुखणे सुरू होते. तोवर ज्या कुत्र्यापासून तो आला तो कुत्रा कधीच मरून गेलेला असतो आणि माणसाला त्याची आठवणही नसते. म्हणूनच हा रोग कुत्र्यापासून आला, हे रुग्णाला पटविणे कठीण जाते. पुटी अपघाताने, म्हणजे झाडावरून पडल्याने किंवा बैलाने ढुशी दिल्याने फुटली, तर आतील पाणी शरीरात पसरून प्राणघातक प्रतिक्रिया होऊ शकते. आणि त्या पाण्यातील बारीक वाळूसारख्या कणांपासून जागोजागी नव्या पुट्या उगवू शकतात.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार कोणत्याही वेळी जगात दहा लाखांहून अधिक माणसे या व याच वर्गातील रोगांनी बाधित असतात. दुर्लक्षित उष्णकटिबंधीय रोगांच्या यादीत संघटनेने त्याचा समावेश केला आहे. भारतात मेंढ्या, शेळ्या, गाई, म्हशी व डुकरे या सर्वांत या पुट्या आढळतात. महाराष्ट्रातील कत्तलखान्यांतून गोळा केलेल्या नमुन्यांवर झालेल्या संशोधनात म्हशींशी संबंधित असा या कृमीचा वाण प्रामुख्याने दिसून आला व त्याबरोबर मेंढीचा वाणही मिळाला. म्हणजे ही चिंता केवळ मेंढपाळाची नसून गोठ्यात म्हैस व दारात कुत्रा असलेल्या प्रत्येक शेतकऱ्याची आहे.

उपचार उपलब्ध आहेत, ही समाधानाची गोष्ट होय. पोटाची सोनोग्राफी किंवा छातीचे क्ष-किरण चित्र यांतून पुटी ओळखता येते. अल्बेंडॅझोल हे औषध ठरावीक काळ दिले जाते. काही पुट्यांतील द्रव सुईने काढून त्यात कृमिनाशक द्रव्य भरण्याची पद्धती आहे. मोठ्या व गुंतागुंतीच्या पुट्यांना शस्त्रक्रिया लागते. काही निष्क्रिय पुट्यांवर केवळ नजर ठेवली तरी पुरते. कोणती पद्धती योग्य, हे तज्ज्ञ डॉक्टरच ठरवू शकतात. पुटीला शंका म्हणून कोणीही सुई टोचू नये. तासगावहून मिरज जवळ आहे. १८९४ साली डॉ. विल्यम वॉन्लेस यांनी तेथे रुग्णालय सुरू केल्यापासून दक्षिण महाराष्ट्राचे ते उपचारकेंद्र झाले, आणि आज शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही तेथे आहे. तथापि वर्षातील आठ महिने पालावर काढणाऱ्या माणसाला रुग्णालयाचा मुक्काम म्हणजे मेंढरे दुसऱ्याच्या हवाली करणे होय. त्याची खरी किंमत पैशांत मोजता येत नाही. म्हणून रोग होऊ न देणे हाच त्याच्या दृष्टीने सर्वांत स्वस्त उपचार ठरतो.

दोष लांडग्याचा किती?

येथे एक प्रश्न स्वाभाविकपणे उभा राहतो. हा कृमी लांडग्यात व कोल्ह्यात राहू शकत असेल, तर त्यांचा नायनाट केल्याने रोग संपेल काय? याचे उत्तर स्पष्ट नकारार्थी आहे. लांडग्याला हा कृमी मिळतो तो पुटी असलेल्या जनावराच्या मांसातून. माळावर हरिण-काळवीट विपुल असताना लांडगा त्यांच्यावर जगे. माळ नांगरले गेले, हरणे कमी झाली, आणि लांडगा मेंढी-शेळीकडे व टाकून दिलेल्या मढ्यांकडे वळला. खोकड तर बहुधा किडे, उंदीर व बोरे यांवर गुजराण करते. त्याच्या आतड्यात हा कृमी नीट वाढतही नाही. उलट कुत्रे संख्येने कितीतरी अधिक, घराच्या उंबऱ्यापर्यंत येणारे आणि मेलेल्या जनावराचे काळीज माणसाच्या हातून मिळविणारे. तेव्हा माणसाच्या बाबतीत रोगाचे मुख्य केंद्र वाड्यावरच आहे. रानातील प्राण्याला तो बहुधा माणसाच्याच निष्काळजीपणातून मिळतो.

गिधाडांचा ऱ्हास हेही येथे लक्षात घेतले पाहिजे. पूर्वी गावाबाहेर टाकलेले जनावर गिधाडांचा थवा काही तासांत साफ करी. जनावरांना दिल्या जाणाऱ्या डायक्लोफिनॅक या वेदनाशामकामुळे गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकात देशभर गिधाडे मोठ्या प्रमाणात मेली. २००६ साली भारत सरकारने जनावरांसाठी त्या औषधावर बंदी घातली. गिधाडे गेली, मढी तेथेच राहिली, आणि त्यांवर कुत्रे व कोल्हे यांची पंगत बसू लागली.

सामाईक दुखणी एवढ्यावरच थांबत नाहीत. त्वचेत बिळे करणाऱ्या सूक्ष्म किडीमुळे होणारी खरूज कुत्र्याकडून खोकडाला, कोल्ह्याला व लांडग्याला लागू शकते. केस झडलेला, खाजवून रक्तबंबाळ झालेला लांडगा शिकार करू शकत नाही व मेंढराच्या वाड्याभोवती घुटमळतो. अमेरिकेतील मोंटाना राज्याने १९०५ साली एक विचित्र कायदा केला. पकडलेल्या लांडग्यांना मुद्दाम खरजेची लागण करून सोडावे, म्हणजे लांडग्यांचा नाश होईल, अशी त्यामागची कल्पना होती. पुढे त्याच प्रदेशातील यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानात लांडगे पुन्हा आणून वसविण्यात आले, आणि त्या कायद्यानंतर सुमारे शंभर वर्षांनी त्यांना खरजेने ग्रासले. रोग रानात सोडणे सोपे, परत बोलावणे अशक्य, हा त्यातील धडा होय. सोलापूर जिल्ह्यातील नान्नजच्या माळरानावर खोकड व गावकुत्रे यांचा एकत्र अभ्यास झाला आहे. कुत्र्यांत पसरणारे विषाणू तेथील खोकडांपर्यंतही पोहोचतात, असे त्या संशोधनातून दिसून आले.

लांडगा हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमान्वये पहिल्या अनुसूचीत संरक्षित आहे. त्याला मारणे हा गंभीर गुन्हा आहे. त्याने मेंढी मारल्यास वनखात्याला तातडीने कळवून पंचनामा करून घेतला तर शासनाकडून नुकसानभरपाई मिळू शकते. मढ्यात विष घालून ठेवणे हा मार्ग तर सर्वस्वी घातक. त्याने लांडगा मरेल किंवा न मरेल. पण आपलाच राखणदार कुत्रा हमखास मरतो.

इतर देशांनी काय केले

हा रोग हटविता येतो, हे काही देशांनी दाखवून दिले आहे. त्यांची हकीकत मेंढपाळांनी ऐकण्याजोगी आहे. एकोणिसाव्या शतकात आइसलंड या थंड बेटावर पाण्याच्या पुटीचा रोग घरोघर होता. तेथील लोकांचा जीव मेंढरांवर आणि मेंढरांचा भार कुत्र्यांवर. १८६३ साली हाराल्ड क्राब्बे हा डॅनिश शास्त्रज्ञ तेथे गेला. त्याने शंभर कुत्री तपासली. त्यांपैकी २८ कुत्र्यांत हा कृमी निघाला. त्याने रोगाची सगळी कथा साध्या शब्दांत लिहून काढली व १८६४ साली ती पुस्तिका त्यांच्या भाषेत छापून घरोघर फुकट वाटण्यात आली. लांब हिवाळी रात्री घरात बसून वाचण्याची त्या लोकांना पूर्वापार सवय. पुस्तिका वाचली गेली, आपसात चर्चिली गेली. मागाहून कुत्र्यांना औषध देण्याचे व पुट्या नष्ट करण्याचे कायदेही झाले; परंतु कायद्याच्या आधी समजूत पोहोचली होती. विसाव्या शतकात तो रोग त्या बेटावरून नाहीसा झाला. त्यावेळी आजची प्रभावी औषधे नव्हती, ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

न्यूझीलंडने १९५९ साली यासाठी स्वतंत्र कायदा केला. गावोगावची कुत्री ठरल्या दिवशी एकत्र आणून त्यांना जुलाब देत व विष्ठा तपासून मालकाला प्रत्यक्ष कृमी दाखवीत. जुलाबाचे ते औषध म्हणजे ॲरेकोलीन, आपल्या कोकणातील सुपारीत असणारे द्रव्य! आपल्या कुत्र्याच्या पोटातील जंत डोळ्यांनी पाहिल्यावर शेतकऱ्याला व्याख्यानाची गरज उरत नसे. २००२ साली तो देश या रोगापासून मुक्त झाल्याचे जाहीर करण्यात आले. ऑस्ट्रेलियाच्या टास्मानिया राज्यातही १९६० च्या दशकात मेंढपाळांच्याच सहभागाने मोहीम सुरू झाली व १९९६ साली तिला तसेच यश आले. हे सर्व प्रदेश बेटे आहेत व तेथे मोकाट कुत्री थोडी, हे खरे. महाराष्ट्राचा मार्ग अधिक लांबचा आहे. पण दिशा तीच आहे.

वाड्यावर करावयाची कामे

साखळी कोठेही तोडली तरी ती तुटते. सर्वांत सोपी कडी म्हणजे कुत्र्याच्या तोंडात जाणारे कच्चे मांस. मेंढरू मेले किंवा कापले की त्याचे काळीज, फोफसे, डोके व आतडी कच्ची कुत्र्यापुढे टाकू नयेत. कुत्र्याला द्यावयाचीच असतील, तर ती निदान अर्धा तास खळखळ उकळून द्यावीत. पुट्या दिसल्या तर त्या फोडू नयेत; जाळाव्यात किंवा खोल खड्ड्यात पुरून वर दगड ठेवावेत, म्हणजे रात्री कोल्हा व कुत्रा उकरणार नाही. मेलेले मेंढरू ओढ्यात वा बांधावर टाकू नये. पालाचा मुक्काम रोज हलत असला तरी खड्डा खणण्यास घटकाभराचा अवधी पुरतो. जत्रेच्या दिवशी, जेथे अनेक बकरी पडतात, तेथे ही जबाबदारी जत्रा समितीने व ग्रामपंचायतीने घ्यावी. मटणाच्या दुकानामागे कुत्र्यांचा जमाव दिसणे ही गावाच्या आरोग्याला अशोभनीय गोष्ट होय.

दुसरी कडी कुत्र्याच्या पोटातील कृमीची. १९७० च्या दशकात निघालेले प्राझिक्वाँटेल हे औषध एका मात्रेत या पट्टकृमींचा नाश करते. मात्रा कुत्र्याच्या वजनावर अवलंबून असल्यामुळे पशुवैद्यकाच्या सल्ल्यानेच ते द्यावे. वर्षातून निदान चार वेळा आणि शक्य तर दर सहा आठवड्यांनी ते दिले पाहिजे. कारण नवा कृमी अंडी घालण्याच्या वयात येण्यास तेवढाच काळ लागतो. औषधाने कृमी मरतो, अंडी मरत नाहीत. म्हणून औषध दिल्यावर दोन-तीन दिवस कुत्रा बांधून ठेवावा व त्याची विष्ठा जाळावी किंवा पुरावी. राखणीपुरती कुत्री ठेवावीत व नको असलेली पिले होऊ देऊ नयेत.

तिसरी कडी माणसाच्या हाताची. कुत्र्याला हात लावल्यावर, विशेषतः मुलांनी, जेवणाआधी साबणाने हात धुवावेत. कुत्र्याला जेवणाच्या भांड्यात चाटू देऊ नये व पांघरुणात घेऊ नये. भाजीपाला भरपूर पाण्याने धुवावा. डबक्याचे पाणी उकळून प्यावे. या अंड्यांना कडक ऊन व कोरडी जमीन मानवत नाही. ओलसर सावलीत मात्र ती महिनोन्‌महिने टिकतात. ताकारी, म्हैसाळ व टेंभू या उपसा सिंचन योजनांनी या भागात पाणी खेळविले, त्यातून संपन्नता आली. त्याचबरोबर ओल व सावलीही वाढली. म्हणून ज्या बागेत मेंढरे बसविली, त्या बागेच्या मालकानेही वाड्यावरच्या कुत्र्याला औषध दिले आहे काय, हे आपुलकीने विचारावे. लेंडीखताचा मोबदला देताना औषधाची एक गोळीही दिली, तर ती त्याच्याच घरातील मुलाच्या संरक्षणासाठी दिल्यासारखी होईल.

मेंढ्यांसाठी या रोगाची लसही ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंडमधील शास्त्रज्ञांनी गेल्या शतकाच्या अखेरीस तयार केली असून काही देशांत ती वापरली जाते. महाराष्ट्रात मेंढीपालनाला साह्य देणारी राजे यशवंतराव होळकर महामेष योजना २०१७ साली सुरू झाली. शिरवळ येथील क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यक महाविद्यालय हे सातारा-सांगली भागाला जवळचे आहे. तालुक्याचे पशुवैद्यकीय दवाखाने तर अधिकच जवळ. मेंढी गोल फिरू लागली, सोललेल्या मेंढीत पुट्या दिसल्या, की ती गोष्ट तेथे अवश्य कळवावी. आज वैद्य, पशुवैद्य आणि वनाधिकारी यांनी एकत्र काम केल्याखेरीज अशा रोगांचा बंदोबस्त होत नाही, हे जगभर मान्य झाले आहे. मेंढपाळाला मात्र ते कोणी शिकविण्याची आवश्यकता नाही. त्याच्या जगात माणूस, मेंढी, कुत्रा आणि लांडगा ही कधीच वेगळी नव्हती.

खंडोबाच्या पायाशी कुत्रा असतो आणि त्याला मान असतो. वाड्यावरचा कुत्राही मानाचाच आहे. रात्रभर तो जागतो म्हणून मेंढपाळाला डोळा लागतो. त्या इमानाची फेड त्याच्यापुढे कच्चे काळीज टाकून होत नाही. औषधाची गोळी, उकळलेले अन्न आणि मढ्यासाठी खणलेला एक खोल खड्डा, एवढे केले तर कुत्रा निरोगी राहील, लांडगा आपल्या माळावर राहील, आणि वाड्यावर कुत्र्याशी खेळणारे आजचे मूल चाळिशीत पोटातील गाठ घेऊन रुग्णालयाच्या दारात उभे राहणार नाही.